साडीवरचा शर्ट आणि हरवलेला खिसा

श्रोतेहो, नमस्कार.

जानेवारी-फेब्रुवारीच्या दिवसांत नाशिकहून दिंडोरीकडे किंवा पिंपळगावकडे निघालात, तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागांत काम करणाऱ्या बायका दिसतात. त्यांच्या अंगावर साडी असते, साडीवर घरातल्या पुरुषाचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट असतो आणि डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल असतो. फवारणीचे औषध, वेलीची खरखर आणि दुपारचे ऊन यांपासून हात वाचावेत म्हणून हा शर्ट आला. तो कोणी सुचवला नाही आणि कोणत्याही दुकानाच्या काचेत तो कधी लागला नाही. पण स्त्रीच्या पोशाखाचा इतिहास सांगायचा झाला तर मला सुरुवात या शर्टापासूनच करावीशी वाटते, कारण त्या बाईने तो शर्ट चढवताना ‘हा पुरुषाचा, हा बायकांचा’ ही विभागणी सहज बाजूला सारलेली असते आणि तिला त्याचे विशेष काही वाटतही नाही.

आपल्याकडे साधारण समजूत अशी असते, की जुन्या काळी बायका कपड्यांत जखडलेल्या होत्या आणि हळूहळू मोकळ्या होत गेल्या. ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. आपली नऊवारी घ्या. कासोटा मागे खोचला की पायांत दोन वेगळे भाग होतात; म्हणजे शिवण नसलेली ती एक विजारच असते. त्यात बाईला शेतात वाकता येते, घाट चढता येतो, रामकुंडावर कपडे धुऊन ओले पिळे खांद्यावर टाकून पायऱ्या चढता येतात. शिवाय कनवट असते, म्हणजे कमरेशी खोचलेल्या लुगड्याच्या घडीत पैसे ठेवण्याची जागा. बाजारात निघालेल्या आजीने पैसे कनवटीला लावले की हात मोकळे राहत आणि त्या पैशांवर नजरही तिचीच असे. विसाव्या शतकात नऊवारी मागे पडून पाचवारी गोल साडी रुळली, ती सुधारलेपणाची खूण म्हणून. शाळा-कॉलेजांत जाणाऱ्या, कचेरीत काम करू लागलेल्या मुलींनी ती आवडीने स्वीकारली. त्यांची पावले घराबाहेर पडली हे खरे, पण ती पावले कासोट्यातल्या पावलांपेक्षा आखूड पडू लागली, हेही खरे. मिळाले काय आणि गेले काय, याचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो.

आज ज्याला आपण ‘पारंपरिक’ म्हणतो, त्या साडी-परकर-पोलक्याच्या जुळणीचा जन्मही असाच घराबाहेर पडण्याच्या गरजेतून झाला. भारतीयांपैकी पहिले सनदी अधिकारी सत्येंद्रनाथ टागोर यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली, तेव्हा त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी 1864 मध्ये मुंबईस आल्या. तेव्हाच्या बंगाली घरांत बायका एकच साडी अंगाभोवती गुंडाळत. घराच्या आत ती चालून जाई, पण चारचौघांत वावरायला ती अपुरी पडे. मुंबईत त्यांनी पारशी स्त्रियांची नेसण पाहिली, तीत आपल्या सोयीने फेरफार केले, साडीच्या आत परकर आणि अंगात पोलके घातले, आणि कलकत्त्यास परतल्यावर ही पद्धत इतर स्त्रियांना शिकवली. ब्राह्मो समाज या सुधारणावादी पंथाच्या घरांतून ती पसरली म्हणून तिला ब्राह्मिका साडी हे नाव पडले. आपल्या इलाख्यातल्या एका समाजाची नेसण एका बंगाली बाईने उचलावी आणि पुढे तीच सगळ्या देशाची ‘भारतीय परंपरा’ ठरावी, याची मला फार गंमत वाटते.

त्यानंतर वीसेक वर्षांनी आनंदीबाई जोशी अमेरिकेस निघाल्या. जाण्यापूर्वी, 1883 मध्ये, बंगालमधील सेरामपूर येथे केलेल्या भाषणात त्यांनी सांगितले होते, की मुंबईत शाळेत जाताना रस्त्यावरचे लोक गोळा होत, हसत, आणि काही जण खडे मारीत. अपराध एवढाच, की पुस्तके घेऊन ही मुलगी दिवसाढवळ्या चालत जात असे. परदेशी जाऊनही आपला आचार आणि पोशाख सोडणार नाही, असा त्यांचा निश्चय होता. पण फिलाडेल्फियाच्या थंडीला निश्चयाशी काय देणेघेणे? नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहत. तेव्हा त्यांनी गुजराती पद्धतीने, पाय झाकतील अशी साडी नेसायला सुरुवात केली. निश्चय मोडला नाही आणि पायही गारठले नाहीत. 1885 मध्ये काढलेले त्यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात त्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली या सहाध्यायिनींसह दिसतात, आणि तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. डॉक्टरकी शिकायला आलेल्या त्या तिघींना आपण कोठून आलो हे कपड्यांतून सांगावेसे वाटले, यात मला अभिमान दिसतो आणि थोडे आव्हानही दिसते.

ज्या अमेरिकेत आनंदीबाई गेल्या, तेथील बायकांची लढाई वेगळीच होती. 1851 मध्ये अमेलिया ब्लूमर यांनी आपल्या वृत्तपत्रातून आखूड झग्याखाली सैल विजार घालण्याचा पुरस्कार केला, आणि इतकी टवाळी झाली की काही वर्षांत त्या पोशाखाच्या पुरस्कर्त्या स्त्रियांनीच तो सोडून दिला. कारण लोक त्यांच्या मताधिकाराच्या मागणीऐवजी त्यांच्या विजारीबद्दलच बोलू लागले होते. विजार खऱ्या अर्थाने मार्गी लागली ती सायकलीमुळे. पॅरिसमध्ये 1800 सालचा एक हुकूम होता, की स्त्रीला पुरुषी पोशाख करायचा असेल तर पोलिसांची परवानगी घ्यावी. पुढे त्याला अपवाद जोडण्यात आला, की तिच्या हाती सायकलीचा दांडा किंवा घोड्याचा लगाम असेल तर चालेल. तो हुकूम रद्दबातल असल्याचे फ्रान्सच्या सरकारने जाहीर केले ते 2013 मध्ये. आपल्या बागेतल्या बाईने शर्ट चढवताना कोणाची परवानगी मागितली नव्हती, हे येथे आठवते.

मात्र आपल्याकडचे हुकूम कागदावर लिहिण्याची गरजच नव्हती. ते जातीत लिहिलेले होते. दक्षिणेतल्या त्रावणकोर संस्थानात नाडर जातीच्या स्त्रियांना छाती झाकण्याचा अधिकार नव्हता. त्यासाठी त्या अनेक दशके झगडल्या, मारहाण सोसली, आणि 1859 मध्ये संस्थानाला त्यांना अंग झाकण्याची मुभा देणारा जाहीरनामा काढावा लागला. पश्चिमेकडे ज्या काळात कपडे आटोपशीर करणे ही सुधारणा ठरत होती, त्याच काळात येथे एक जास्तीचे वस्त्र मिळवणे हा मुक्तीचा लढा होता. म्हणून कपडा किती आहे यावरून स्वातंत्र्य मोजणाऱ्यांशी माझे कधी जमत नाही.

या संदर्भात महाडचा प्रसंग मला सर्वांत मोठा वाटतो. डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या परिषदेत डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. अस्पृश्य मानलेल्या जातींतल्या बायकांनी लुगडे आखूड, गुडघ्याच्या आसपास नेसावे, अंगावर कथलाचे किंवा चांदीचे ओझे वागवावे, अशी रीत होती. रस्त्याने जाणारी बाई कोणत्या जातीची, हे तिच्या नेसणीवरून लांबूनच ओळखता यावे, हा त्यामागचा हेतू. बाबासाहेबांनी सांगितले, की या खुणा टाकून द्या. लुगडे इतर स्त्रियांसारखे पायघोळ नेसा, स्वच्छ राहा. त्या सभेतल्या स्त्रियांनी त्याच मुक्कामात आपली नेसण बदलली. नवे कापड आणले नाही, शिंप्याकडे गेल्या नाहीत. अंगावरचेच लुगडे सोडले आणि घोट्यापर्यंत नेसले. वीतभर कापड खाली आले आणि शेकडो वर्षांची एक खूण पुसली गेली.

त्यानंतर सव्वादोन वर्षांनी, 2 मार्च 1930 रोजी, आपल्या नाशिकमध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. मंदिराच्या चारही दरवाजांवर सत्याग्रहींची जी पहिली तुकडी बसली, तीत 125 पुरुष आणि 25 स्त्रिया होत्या. पूर्व दरवाजापाशी गेले की मला त्या पंचवीस जणी आठवतात. त्यांची नावे किती जणांना ठाऊक आहेत, कोण जाणे. पुढे 13 ऑक्टोबर 1935 रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली तीही आपल्याच जिल्ह्यात, येवल्यात. ज्या येवल्यात आजही हातमागावर पैठणीचा पदर विणला जातो आणि त्यात बांगडी मोर, मुनिया आणि अजिंठ्याचे कमळ उतरते. एकाच गावात ही दोन्ही वस्त्रे माझ्या डोळ्यांपुढे येतात: लग्नात मिरवायची पैठणी आणि ओळख पुसण्यासाठी पायघोळ केलेले साधे लुगडे.

खूण लादण्याचा हाच प्रकार उच्चवर्णीय घरांत विधवांच्या वाट्याला आला. केशवपन, आलवण म्हणजे विधवेचे तांबडे लुगडे, कपाळ मोकळे. त्या बाईने काय नेसावे याचा निर्णय तिच्या नवऱ्याच्या मरणाने झालेला असे. 1890 मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांनी सभा घेऊन केशवपन करणार नाही असे ठरवले; वस्तरा ज्यांच्या हाती, त्यांनीच नकार दिला, याला तोड नाही. पुढे महर्षी कर्वे यांच्या हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी आयुष्यभर झटलेल्या पार्वतीबाई आठवले यांनी स्वतः विधवा असून केशवपन सोडून दिले. केस पुन्हा वाढू देणे ही साधी गोष्ट त्या काळात किती मोठी होती, हे आज ब्यूटी पार्लरच्या खुर्चीत बसून समजणे अवघड आहे.

येथे थोडे विषयांतर करते. याच काळात महाराष्ट्रातील सुखवस्तू स्त्रिया साडी, शेला, अंबाडा आणि दागिने यांचा आदर्श ज्या व्यक्तीकडे पाहून ठरवीत होत्या, ती व्यक्ती पुरुष होती: बालगंधर्व. स्त्रीने रंगभूमीवर येणे अशोभनीय मानले जात होते, आणि स्त्रीने शोभून कसे दिसावे हे मात्र रंगभूमीवरचा पुरुष शिकवत होता!

आता आपल्या काळाकडे येते. पंजाबी ड्रेस आणि जीन्सबद्दल बोलायचे तेवढे सर्व बोलून झाले आहे, म्हणून मी गाऊनबद्दल बोलते. दुपारी घरकाम करताना, दुधाची पिशवी आणताना गाऊन घालणाऱ्या आणि दाराबाहेर पडताना त्यावर ओढणी टाकणाऱ्या बायकांची आपण किती थट्टा करतो! पण परकराची नाडी, निऱ्या, खोचलेला पदर यांतून दिवसभराची सुटका देणारे दुसरे कोणते वस्त्र मध्यमवर्गीय बाईला इतक्या स्वस्तात मिळाले? 2014 मध्ये नवी मुंबईतील गोठिवली गावात दिवसा गाऊन घालून फिरण्यास बंदी घालण्यात आली आणि 500 रुपये दंड ठरवण्यात आला. ती बंदी गावातल्या महिला मंडळाने घातली होती. हुकूम देणारे नेहमी पुरुषच असतात, असे मानण्याची सोय आपल्याला नाही.

शेवटी एक छोटी गोष्ट सांगते. गेल्या दिवाळीपूर्वी भाचीला घेऊन मी आमच्या नेहमीच्या शिंपीकाकांकडे गेले होते. तिने कुर्त्याला खिसा ठेवायला सांगितला. काका म्हणाले, “ताई, खिशाने फिटिंग बिघडतं, लेडीजमध्ये कोणी लावत नाही.” ती म्हणाली, “काका, बिघडू दे, पण मोबाईल मावला पाहिजे.” काकांनी टेप काढला, तिच्या मोबाईलची लांबी-रुंदी मोजून वहीत लिहिली, आणि मला विचारले, “तुमच्या पोलक्यालाही लावू का?” पोलक्याला खिसा कोठे लावणार, म्हणून मी हसले. घरी येईपर्यंत मात्र मला आजीची कनवट आठवत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी दोन कुर्त्यांचे कापड घेऊन मी पुन्हा त्यांच्याकडे गेले.

नमस्कार.