१८७७: खेळाची मापं तपासणारं वर्ष

१८७७ साल म्हटलं की मेलबर्नची पहिली क्रिकेट कसोटी आणि टेनिसचं पहिलं विम्बल्डन आठवतं. या दोन्हींकडे आज आपण तयार खेळ म्हणून पाहतो. प्रत्यक्षात त्या वर्षी नियम अजून ओले होते. मैदानावर उतरल्यावर ते कुठे अडतात, ते तेव्हा दिसलं.

मार्चमध्ये मेलबर्नला जेम्स लिलीव्हाइटचा व्यावसायिक इंग्लिश संघ ऑस्ट्रेलियाशी खेळला. षटक चार चेंडूंचं, सामन्याला दिवसांची मर्यादा नाही. इंग्लंडचा यष्टिरक्षक पूली पैजेतून झालेल्या भांडणामुळे न्यूझीलंडमध्येच अडकला होता, म्हणून यष्टीमागे सेल्बी उभा राहिला. ऑस्ट्रेलियाच्या २४५ धावांपैकी १६५ एकट्या बॅनरमनच्या. इंग्लंडचा गोलंदाज युलिएट याच्या चेंडूवर बोट फुटलं नसतं तर तो आणखी खेळला असता. बाकी सगळ्यांच्या आणि अवांतर धावा मिळून ८०, त्याच्याखालोखाल मोठी खेळी १८ धावांची! एका माणसाने डावाचा इतका मोठा वाटा उचलावा, हे कसोटीत पुन्हा घडलेलं नाही. ऑस्ट्रेलिया ४५ धावांनी जिंकली. या सामन्याला ‘कसोटी’ हे बिरूद मात्र नंतर लागलं.

त्याच महिन्यात, २४ मार्चला, थेम्सवर ऑक्सफर्ड-केंब्रिजची नौकाशर्यत बरोबरीत सुटली. वेळ २४ मिनिटं ८ सेकंद. शेवट दाखवणारे खांबच नव्हते, पंचाने नजरेने ठरवायचं होतं. खांब त्यानंतर रोवले गेले.

पण मला थांबायचं आहे ते विम्बल्डनच्या वर्पल रोडवर. क्रोके, म्हणजे हिरवळीवर लाकडी हातोड्याने चेंडू कमानींतून नेण्याचा खेळ; त्याच्या क्लबने जुलैत लॉन टेनिसची स्पर्धा भरवली. प्रवेश फी एक गिनी, खेळाडू २२. हेन्री जोन्स, ज्युलियन मार्शल आणि हीथकोट या तिघांनी नियम बसवले. मधे चिंचोळं, दोन्ही टोकांना रुंद असं वाळूच्या घड्याळासारखं मैदान जाऊन ७८ फूट लांब, २७ फूट रुंद सरळ आयत आला. ते माप एकेरीत आजही तेच आहे. गुणांची १५-३०-४० ही रीतही तेव्हाच कायम झाली.

चुकलं ते जाळ्याचं. खांबांपाशी ते ५ फूट उंच आणि मध्यभागी ३ फूट ३ इंच. एवढ्या फरकाने काय होतं ते पाहा. कडेच्या रेषेला समांतर फटका मारायचा तर चेंडू खूप वर उचलावा लागतो, त्यामुळे तो संथ होतो. म्हणून प्रत्येकजण मध्यावरच्या सखल भागावरून मारतो. म्हणजे चेंडू कुठून येणार हे समोरच्याला आधीच ठाऊक! रॅकेट्स, म्हणजे बंदिस्त मैदानात भिंतीवर चेंडू मारण्याचा खेळ, खेळून आलेल्या स्पेन्सर गोरने हे हेरलं. तो जाळ्याजवळ उभा राहायचा आणि टप्पा पडण्याआधीच चेंडू डावी-उजवीकडे वळवायचा. पावसामुळे १९ जुलैवर गेलेल्या अंतिम सामन्यात त्याने विल्यम मार्शलला ६-१, ६-२, ६-४ असं हरवलं, अवघ्या ४८ मिनिटांत.

दुसरी अडचण सर्व्हिसची. सर्व्हिसची रेषा जाळ्यापासून २६ फुटांवर होती, म्हणजे सर्व्हिस करणाऱ्याला चेंडू टाकायला भरपूर जागा. तेव्हा हात डोक्यावर नेऊन सर्व्हिस करत नसत, खालून किंवा बाजूनेच करत. तरीही जोन्सने स्पर्धेचे गेम मोजले तेव्हा ६०१ पैकी ३७६ सर्व्हिस करणाऱ्यानेच जिंकलेले निघाले. मला या वर्षातलं सर्वांत मोलाचं काम हेच वाटतं: स्पर्धा संपल्यावर कुणीतरी बसून आकडे मांडले.

पुढच्या वर्षी रेषा २२ फुटांवर आली, जाळं खांबांपाशी ४ फूट ९ इंच आणि मध्ये ३ फूट झालं. १८८० मध्ये रेषा २१ फुटांवर स्थिरावली, आणि जाळं हळूहळू उतरत खांबांपाशी साडेतीन फुटांवर आलं. गोर मात्र १८७८ मध्येच हरला. फ्रँक हॅडोने जाळ्याशी उभ्या असलेल्या गोरच्या डोक्यावरून चेंडू मागे टाकायला सुरुवात केली होती.