दसऱ्याचा फ्रीज आणि डिसेंबरची तारीख

नमस्कार मंडळी. आज तारखेबद्दल बोलायचंय. म्हणजे घरातल्या सामानाची यादी आपण मोबाईलवर नाहीतर लॅपटॉपवर ठेवतो ना, फ्रीज कधी घेतला, वॉरंटी कधी संपते, औषध कधी एक्स्पायर होतंय, त्या यादीत आपण जी तारीख टाकतो तिच्याबद्दल. विषय छोटा वाटेल, पण आमच्या घरात याच्यापायी साडेसात हजार रुपये गेले आणि आईला मनस्ताप झाला तो वेगळाच.

झालं असं की माझा दादा न्यू जर्सीला असतो. २०२४ ला गणपतीत आला तेव्हा त्यानं स्वतःचा जुना लॅपटॉप आईला दिला आणि त्यावर सामानाची यादी ठेवायचा एक प्रोग्राम टाकून दिला. आईला ते एवढं आवडलं की कपाटातली बिलांची पिशवी काढून रोज दुपारी बसायची, एकेक बिल बघून नाव, किंमत, तारीख चढवायची, दसऱ्यापर्यंत सव्वाशेच्या वर वस्तू झाल्या होत्या. दसऱ्याला नवा फ्रीज आला, १२ ऑक्टोबर होती, आणि तिनं त्याच रात्री नोंद केली, १२/१०/२०२४. आपण सगळे लिहितो तशीच, आधी दिवस मग महिना. पण लॅपटॉप अमेरिकेतला, सेटिंग तिकडचं, तिकडे महिना आधी लिहितात, त्यामुळे त्या प्रोग्रामनं ती तारीख घेतली १० डिसेंबर २०२४. आणि वॉरंटी एक वर्ष म्हटल्यावर शेवटची तारीख काढली ९ डिसेंबर २०२५.

मला सगळ्यात राग याचा येतो की त्या रात्री डिसेंबर दोन महिने लांब होता. अजून न आलेल्या दिवशी कोणी फ्रीज विकत घेतं का? खरेदीची तारीख आजच्या पुढची असेल तर एवढं एकच विचारायचं, "ही तारीख बरोबर आहे ना?" एवढी साधी तपासणी प्रोग्राम बनवणाऱ्यांनी ठेवायलाच हवी, त्यात काही अवघड नाही.

पुढच्या वर्षी नवरात्रात फ्रीज नीट गार करेना. दूध नासायला लागलं, बर्फ धरेना. मी म्हटलं कंपनीला फोन करू, आईनं यादी उघडून बघितली आणि म्हणाली, "अगं डिसेंबरपर्यंत आहे वॉरंटी, दिवाळीचं सगळं होऊ दे, आत्ता घरात पसारा नको." तिचं काय चुकलं? समोर स्क्रीनवर डिसेंबर लिहिलेलं होतं. दिवाळी झाली, भाऊबीज झाली, मग मेकॅनिक आला. त्यानं बिल हातात घेतलं आणि म्हणाला, "काकू, वॉरंटी ११ ऑक्टोबरलाच संपली." कंप्रेसरची वॉरंटी दहा वर्षांची होती, पण गेला होता आतला बोर्ड. नवरात्रात फोन केला असता तर फुकट झालं असतं.

मग एका रविवारी मी आणि आई सगळी बिलं पलंगावर पसरून बसलो आणि तेव्हा कळलं की गोंधळ फ्रीजपुरता नाहीये. २०२४ च्या गुढीपाडव्याला, ९ एप्रिलला घेतलेला मिक्सर ४ सप्टेंबरला गेला होता. अक्षय्य तृतीयेचं वळं १० मेचं, ते ५ ऑक्टोबरला. पण इन्व्हर्टर घेतला होता २५ मेला, तो मात्र बरोबर दिसत होता. म्हटलं हे कसं? तर २५/०५ टाकल्यावर लाल अक्षरात एरर आली होती, पंचविसावा महिना कुठून आणणार, म्हणून आईनं उलटं करून ०५/२५ टाकून बघितलं, ते घेतलं, आणि तिला वाटलं की चला, जमलं.

म्हणजे नीट बघा हं, दिवस १३ किंवा त्याच्या पुढचा असेल तर मशीन अडतं, आपल्याला कळतं. दिवस १२ किंवा त्याच्या आतला असेल तर गुपचूप उलटं करून घेतं आणि काहीच बोलत नाही. बारा महिन्यांतले पहिले बारा बारा दिवस धरले तर होतात १४४, त्यातले १ जानेवारी, २ फेब्रुवारी असे १२ उलटे केले तरी तेच राहतात, म्हणजे वर्षातले १३२ दिवस असे आहेत जे चुकीचे पडले तरी स्क्रीनवर अगदी व्यवस्थित दिसतात. एरर आलेली परवडली, ही गप्प बसलेली चूक फार महाग पडते.

आणि म्हणूनच सगळ्या तारखा एका फटक्यात उलटवून यादी दुरुस्त होत नाही, कारण एररमुळे सुधारलेल्या तारखा आधीच बरोबर असतात. आम्ही काय केलं, दिवस १३ आणि त्याच्या पुढचे सोडून दिले आणि उरलेले तेवढे एकेक करून बिलाशी ताडून बघितले. सव्वाशेतले साधारण पन्नास निघाले, दोन तासांत झालं.

तुमचा लॅपटॉप परदेशातून आलेला असो की इथलाच असो, एकदा बघून घ्या, कारण इथे घेतलेल्यातही पुष्कळदा सेटिंग इंग्लिश युनायटेड स्टेट्स असंच असतं. विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज अँड रीजन (विंडोज १० मध्ये नुसतं रीजन), तिथे रीजनल फॉरमॅट इंग्लिश इंडिया करा. गूगल शीट्समध्ये यादी असेल तर फाइल, सेटिंग्ज, लोकेल, इंडिया. एक्सेलवाल्यांसाठी एक खूण सांगते, तारीख रकान्यात उजवीकडे चिकटली तर एक्सेलनं ती तारीख म्हणून घेतलीये, डावीकडे चिकटली तर तो नुसता मजकूर आहे, त्याच्यावर वॉरंटीचा हिशोब होणार नाही. आणि वर्ष कायम चार आकडी लिहा. एक्सेलचा मूळ नियम (नव्या विंडोजमध्ये तो वेगळा असू शकतो) असा की ०० ते २९ लिहिलं तर २००० च्या पुढचं वर्ष आणि ३० ते ९९ लिहिलं तर १९०० च्या पुढचं, त्यामुळे २०३० पर्यंतची वॉरंटी नुसतं ३० लिहून टाकली तर ती १९३० सालीच संपलेली दिसू शकते.

वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, २०२४-१०-१२ असं लिहिलं तर हा घोळच होत नाही. आयएसओ ८६०१ नावाचं मानक १९८८ पासून हेच सांगतंय. सुरुवातीला हाताला सवय नसते, पण आठवड्याभरात बसते.

औषधांचं अजून वेगळं. पाकिटावर फक्त महिना आणि वर्ष असतं, ०५/२६, आणि आपल्याकडच्या नियमाप्रमाणे त्याचा अर्थ मे २०२६ च्या शेवटच्या दिवसापर्यंत चालेल असा. अमेरिकन सेटिंगच्या एक्सेलमध्ये ते ०५/२६ तसंच टाकलं तर चालू वर्षातली २६ मे होते! वडिलांच्या बीपीच्या गोळ्यांच्या बाबतीत असं होऊन चालेल का? ग्रोसी म्हणून एक फुकट प्रोग्राम आहे, तो स्वतःच्या कॉम्प्युटरवर बसवावा लागतो, पण त्यात वर्ष, महिना आणि पुढे इंग्रजी ई टाकलं की तो आपोआप महिन्याचा शेवटचा दिवस धरतो. कोणीतरी खरंच स्वयंपाकघरात उभं राहून विचार केलाय असं वाटतं.

गॅस सिलिंडरवर तर ए, बी, सी, डी आणि पुढे वर्ष असतं, ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, असं पुढे, आणि ती सिलिंडरच्या टेस्टिंगची मुदत असते. ते आमच्या प्रोग्रामच्या तारखेच्या रकान्यात बसतच नाही, म्हणून आई ते शेऱ्याच्या रकान्यात लिहिते. खरं तर आता ती प्रत्येकच वस्तूपुढे तिथे अक्षरात लिहून ठेवते. फ्रीजपुढे लिहिलंय, "१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार, दसरा, बिल निळ्या फायलीत."