थांबणाऱ्याचा भाव

श्रोतेहो, नमस्कार.

आजचा विषय आहे भाव. मजुरीचा भाव, मालाचा भाव, आणि तो कोण ठरवतं. पुस्तकात याला मागणी आणि पुरवठा म्हणतात. ते बरोबरच आहे, पण त्यात मला एक तिसरी गोष्ट घालायची आहे: थांबण्याची ताकद. देणारा आणि घेणारा समोरासमोर आले, की दोघांपैकी कोण जास्त थांबू शकतो, हे बघायचं. भाव बहुतेक वेळा त्याच्या बाजूला झुकतो.

माझ्या मामांची नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे, थोडा कांदाही असतो. गोष्ट 2023 च्या डिसेंबरातली. ऑक्टोबर छाटणी होऊन बाग डिपिंगला आली होती. बागायतदारांना हे सांगायला नको, पण शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो. वेलीवरचा एकेक घड जीएच्या, म्हणजे मणी फुगवणाऱ्या संजीवकाच्या, द्रावणात बुडवावा लागतो. यालाच डिपिंग म्हणतात. हे काम हातानंच होतं आणि मणी ठरावीक आकाराचा असतानाच करावं लागतं. चार दिवस उशीर झाला की मणी हवा तेवढा फुगत नाही, आणि मणी फुगला नाही की एक्स्पोर्टचा माल लोकलच्या भावात जातो.

कामाला सुरगाणा तालुक्यातल्या मजुरांची टोळी यायची. टोळीची मुकादम एक बाई होती, पन्नाशीची, बोलायला एकदम शांत. तिनं एकरी हजार रुपये जादा मागितले. मामा म्हणाले, "ताई, गेल्या वर्षीचाच भाव देईन. गावात टोळ्या काय कमी आहेत?"

बाई वाद घालत बसली नाही. बांधावर बसली, फडकं सोडलं, नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि ठेचा काढला. तिच्या बाया शेजारी बसल्या. मामा येरझाऱ्या घालत होते. दोन फोन केले. दोन्ही टोळ्या दुसऱ्यांच्या बागेत लागलेल्या. आभाळही भरून आलं होतं.

जेवण झाल्यावर बाईनं हात धुतला आणि म्हणाली, "भाऊ, आमाला आज नाय तर उद्या काम मिळंल. तुमचा मणी उद्यापर्यंत थांबंल का?"

मामांनी हजार रुपये वाढवले. तासाभरात टोळी वेलींखाली होती. डाव्या हातानं घड सावरायचा, उजव्या हातातला द्रावणाचा मग खालून वर न्यायचा, घड बुडाला की हलकेच झटकायचा आणि पुढच्या घडाकडे सरकायचं. संध्याकाळपर्यंत मान वरच.

त्या नागलीबद्दल जाता जाता बोलतो. तीच नागली आज नाशिकच्या कॉलेज रोडच्या दुकानात बिस्किटं होऊन सुंदर डब्यात विकली जाते. विकू द्या, चांगलंच आहे. पण पेठ-सुरगाण्याच्या उतारावर ती पिकवणाऱ्या घराला त्या डब्याच्या किमतीतलं किती मिळतं, हे घेणाऱ्यानं एकदा तरी विचारावं, असं मला मनापासून वाटतं.

असो. त्याच डिसेंबरात मामा लाल कांद्याची ट्रॉली घेऊन लासलगावच्या कांदा बाजारात गेले. 8 डिसेंबरपासून केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली होती. ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यातशुल्क लावलंच होतं, त्यानंतर ही बंदी. ढाका, दुबई, कोलंबोला माल पाठवणारे खरेदीदार एका रात्रीत बाजूला झाले. विकणारे तेवढेच राहिले, घेणारे कमी झाले, आणि भाव कोसळले.

ट्रॉलीपुढे व्यापारी आले. एकानं मूठभर कांदा उचलला, दाबून पाहिला, बोली लागली. मिनिटभरात लिलाव संपला. भाव पटला नाही तर माल न देण्याचा हक्क शेतकऱ्याला असतो, पण मामा काय करणार? उन्हाळ कांदा कांदाचाळीत, म्हणजे हवेशीर साठवणीच्या शेडमध्ये, चार महिने ठेवता येतो. लाल कांद्याला तेवढा दम नसतो. ट्रॅक्टरचं भाडं चढत होतं. मामांनी पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, घेतली, हमाली-तोलाई वजा करून उरलेले पैसे मोजले.

बागेत भाव मुकादम बाईनं ठरवला, लासलगावात व्यापाऱ्यानं. मामा तेच, महिनाही तोच. दोन्हीकडे घाई मामांना होती.

बाजाराची रचना म्हणतात ती हीच. विकणारे हजारो आणि घेणारे मोजके, तर भाव घेणारा ठरवतो. निर्यातबंदी 4 मे 2024 ला उठली, तीही टनाला 550 डॉलर किमान निर्यातमूल्य आणि 40 टक्के शुल्क ठेवून. शुल्क पूर्ण गेलं 1 एप्रिल 2025 ला. ग्राहकाला कांदा परवडला पाहिजे, हे मला मान्य आहे. पण परदेशातला गिऱ्हाईकही फार दिवस वाट पाहत नाही. तो पाकिस्तानचा, चीनचा कांदा घेतो आणि मग त्याला परत आणायला वेळ लागतो.

मग शेतकऱ्यानं थांबायची ताकद आणायची कुठून? एक वाट मालकीची. 2002 साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि उत्पादकांच्या कंपनीची सोय झाली. वैयक्तिक सभासद असतील तर शेअर कितीही असोत, मत एकच. मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची अशीच कंपनी आपल्यासमोर आहे. शीतगृह आपलं, पॅकहाऊस आपलं, परदेशातल्या गिऱ्हाइकाशी करार आपला. मालक झालं की जोखीमही आपली, हे खरं. पण माल उतरवून त्याच दिवशी मिळेल त्या भावाला द्यायची सक्ती राहत नाही.

आणि टोळीचं काय? त्या बाईला थांबता आलं ते डिपिंगच्या चार दिवसांपुरतं. मे महिन्यात, गावात प्यायला पाणी नसताना, तीच टोळी नाशिकच्या मजूर नाक्यावर उभी असते आणि सांगेल त्या रोजानं जाते. बाईचा रोज गड्यापेक्षा कमी, तो वेगळाच अन्याय. आपल्याकडे मजुरांच्या सहकारी संस्था आहेत, त्या बहुतेक सरकारी बांधकामं घेतात. छाटणी, डिपिंग, विरळणी, काढणी अशी वर्षभराची कामं घेणारी टोळ्यांची संस्था पेठ-सुरगाण्यात उभी राहावी, आणि बागायतदारांनी एकरी दर तिच्याशी ऑक्टोबर छाटणीआधीच कागदावर ठरवावा. मामांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "दर आधी कळला, तर मलाही बँकेत नीट हिशेब मांडता येईल."