पलटणवाल्याचं घर

(दृश्य: दर्यापूरच्या पुढची काळी रानं. कपाशी वेचणाऱ्या बाया.)

हे वऱ्हाडातल्या पूर्णेचं खोरं. खारपाणपट्टा. विहीर खणली तर पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही आणि वावराला दिलं तर जमीन बिघडते. म्हणून इथली शेती पिढ्यान् पिढ्या पावसाच्या भरवशावर. कपाशी, तूर, ज्वारी.

आमच्या घराला गावात अजून 'पलटणवाल्याचं घर' म्हणतात. माझे खापरपणजोबा फौजेत होते असं घरात सगळेच सांगतात. काकाजींना विचारा, ते एका दमात सांगतील, "आपला बुढा पल्टनीत होता ना बाप्पा! झाशीलोक गेला होता."

झाशीला तो कोणाच्या बाजूनं गेला होता, हे मात्र घरात कधी कोणी विचारलं नाही. ओसरीवर राणी लक्ष्मीबाईची तसबीर आहे. विचारणार तरी कसं?

(दृश्य: परतवाडा. जुन्या छावणीचा भाग.)

वऱ्हाडातून झाशीपर्यंत जाऊ शकणारी पलटण कोणती, इथून शोध सुरू झाला. अचलपूरला तेव्हा एलिचपूर म्हणत. त्याच्या शेजारची लष्करी छावणी म्हणजे आजचं परतवाडा. तिथं हैदराबाद कंटिंजंटचं ठाणं होतं. ही फौज नावाला निजामाची. अधिकारी इंग्रज, हुकूमही इंग्रजांचा. मार्च-एप्रिल १८५८ मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजनं झाशीला वेढा घातला, तेव्हा त्याच्या सैन्यात याच कंटिंजंटच्या तुकड्या होत्या. म्हणजे आमचा बुढा झाशीला गेला असेलच, तर किल्ल्याच्या आत नव्हता. बाहेरच्या छावणीत होता.

फौजेचे कागद शोधायचे तर आधी फौजेची वंशावळ लावावी लागते. कंटिंजंट १९०३ साली हिंदी सैन्यात मिसळली. तिच्या पायदळातल्या एका पलटणीला ९६वी बेरार इन्फंट्री असं नाव मिळालं. १९२२ मध्ये या पलटणींची १९वी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ मध्ये तिचंच नाव कुमाऊँ रेजिमेंट. आज या रेजिमेंटचं केंद्र उत्तराखंडात, राणीखेतला आहे. खारपाणपट्ट्यातल्या माणसाचा माग काढता काढता आपण हिमालयात पोहोचतो, आणि तिथंही हाती फार लागत नाही. इंग्रज अधिकाऱ्यांच्या नेमणुका, बढत्या, पेन्शनी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत नीट लावून ठेवल्या आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या साध्या हिंदी शिपायाच्या वैयक्तिक नोंदी मात्र फार थोड्या उरल्या आहेत. त्यात कंटिंजंटच्या शिपायांत मोठा भरणा उत्तर हिंदुस्थानातल्या लोकांचा. वऱ्हाडी कुणबी त्यांत सापडणं अवघडच.

पण याच फौजेच्या एका कागदात वऱ्हाडचा शेतकरी पुरेपूर आहे.

निजामाकडून या पलटणींचा पगार थकायचा. मग ईस्ट इंडिया कंपनीनं कर्जाचा हिशेब मांडला आणि २१ मे १८५३ च्या तहानं वऱ्हाड स्वतःकडे घेतला. तहात फौजेचा आकडाच घातला आहे: किमान ५,००० पायदळ, २,००० घोडदळ आणि चार तोफखाने. खर्च भागणार कशातून, तर मुख्यतः वऱ्हाडच्या शेतसाऱ्यातून. त्या दिवसापासून दर्यापूरच्या कुणब्यानं भरलेला सारा पलटणीच्या पगाराला लागला. हातात बंदूक न धरता माणूस फौजेच्या हिशेबात गेला. म्हणून माझं मत असं की वऱ्हाडात पूर्वज शोधणाऱ्यानं राणीखेत, लंडन नंतर बघावं. आधी तहसील गाठावी.

(दृश्य: अभिलेख कक्ष. लाल फडक्यात बांधलेले दप्तरांचे गठ्ठे.)

इथं रोज गर्दी असते. बहुतेक जण जात पडताळणीसाठी आजा-पणज्याची नोंद शोधत आलेले. गावच्या कोतवाल बुकात जन्म-मृत्यू सापडतात, पण पुष्कळ ठिकाणी बाळाचं नावच नसतं, नुसतं 'अमक्यास मुलगा झाला'. जुने कागद मोडीत, तारखा फसली सनात, म्हणजे महसुली वर्षात. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन साधारण जुळतो.

वर्धा नदीच्या पलीकडची माणसं वेगळे कागद मागतात. तो मुलूख नागपूरकर भोसल्यांचा, १८५४ साली खालसा झालेला. तिथं मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार भरायचा, म्हणून बंदोबस्त मिसल, सारा ठरवतानाचे कागद, बघायची. वऱ्हाडात मुंबई इलाख्यासारखी रयतवारी, ज्याचा सारा त्यानंच सरकारात भरायचा. १८६० च्या दशकात मोजणीदारांनी ३३ फुटी साखळीनं वावरं मोजली, प्रत्येकाला सर्व्हे नंबर दिला, आकार, म्हणजे सारा, ठरवला. तो आकार तीस वर्षांसाठी.

खापरपणजोबांचं नाव तिथं मिळालं. खातेदार म्हणून. गावात त्याच नावाचे आणखी खातेदार होते, तेव्हा बापाचं नाव आणि वावराचे धुरे जुळवून खात्री करावी लागली.

नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वहीत आमच्या गावाचं पान आहे. त्यानं भावांची नावं दिली, फौजेचा उल्लेख नाही. खरा धागा मिळाला काकाजींच्याच पेटीत. गहाणखत, फसली १२७८, म्हणजे १८६८-६९. धंदा: शेती. गहाण काय? एक वावर, दोन बंड्या म्हणजे बैलगाड्या, आणि चार बैल.

एका वावराच्या शेतकऱ्याला दोन बंड्या कशाला लागतात?

भाडं मारायला. रेल्वे येण्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या जिवावर बाहेर जायचा. फौजेचंही तसंच. दाणागोटा, तंबू, दारूगोळा वाहायला बंड्या लागत, आणि कूच करणाऱ्या फौजेत लढणाऱ्यांपेक्षा मागून चालणाऱ्यांची संख्या मोठी असे. गाडीवान, घासवाले, भिस्ती, वाणी. शिपायांच्या हजेरीपटावर यांची नावं येत नाहीत. माझा कयास असा की आमचा बुढा झाशीला गेला तो बंडी हाकत.

गहाणखताचं सालही याला धरून आहे. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं आणि कापसाचे चढलेले भाव कोसळले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. कापूस स्वस्त झाला आणि लांबचं भाडंही गेलं. दोन्ही धंदे एकदम बसल्यावर माणूस सावकाराकडे जाणार नाही तर कुठं?

(दृश्य: ओसरी. काकाजी चष्मा लावून गहाणखताची नक्कल बघतात.)

हे सगळं काकाजींना सांगितलं. बंडीवाला हे त्यांना फारसं रुचलं नाही. "मंग लोकं पल्टनवाले काहून म्हन्तात?" बराच वेळ कागद उलटापालटा केला आणि त्यांनी वेगळंच विचारलं, "वावर सुटलं का मंग?"

सुटलं. तीस वर्षांनंतरच्या बंदोबस्तात तोच सर्व्हे नंबर पणजोबांच्या नावावर आहे. आकार मात्र वाढलेला.

काकाजींनी दोन्ही आकडे वाचून घेतले. मग म्हणाले, "तीस वर्साचा सारा लाव बरं हिशेबाला. पल्टनीकडं आपलेच पैसे निंगतात."