भीमेवरून तिबेटकडे: पट्टकदंब नेमके कधी निघतात?

फेब्रुवारी सरत आला की भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी पट्टकदंबांचे, म्हणजे हिवाळा इथे काढून विणीसाठी तिबेटकडे परतणाऱ्या रानहंसांचे, थवे पाणी उतरून उघड्या पडलेल्या गाळावरच्या कोवळ्या गवतात चरताना दिसतात. कातडीखाली साठणारी चरबी हीच त्यांची वाटेवरची शिदोरी.

तयारीची पहिली सूचना दिवसाच्या लांबीतून मिळते. इथला डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस सुमारे 11 तासांचा. 20 मार्चच्या सुमारास तो 12 तासांवर येतो. फरक जेमतेम तासाभराचा, पण दरवर्षी अगदी तेवढाच. अवकाळी बरसो की थंडी रेंगाळो, हे वेळापत्रक हलत नाही. हंगाम सूर्य ठरवतो. नेमका दिवस मात्र वारा, चारा आणि अंगावरची चरबी.

मोजणी करणारे इथेच फसतात. एका पाणवठ्यावरचा थवा दिसेनासा झाला की ‘गेले’ अशी नोंद होते. पुष्कळदा पाणी ओसरल्यामुळे किंवा वर्दळ वाढल्यामुळे तो शेजारच्या जलाशयावर सरकलेला असतो. आसपासचे दोन-तीन पाणवठे त्याच पहाटे पाहिल्याशिवाय तारीख लिहू नये.

खरी कसोटी हिमालयात. उपग्रहाला संदेश पाठवणारी यंत्रं बसवलेल्या पट्टकदंबांनी 4000 ते 6000 मीटरची चढण 7-8 तासांत पार केल्याचं दिसलं. दुपारी तापलेल्या उतारांवरून वारा वर चढतो. हंस त्याच्यावर स्वार होत असतील, असं कुणालाही वाटेल. ते मात्र तो टाळतात आणि बहुधा रात्री किंवा पहाटे चढतात. गार हवा दाट असते. पंखांना आधार जास्त, प्रत्येक श्वासात प्राणवायूही जास्त. दुपारच्या वाऱ्यातली खळबळही चुकते. 5500 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. तिथे एवढी बचतही मोलाची.

पलीकडे प्रश्न बर्फाचा. लवकर पोचलं तर तळी गोठलेली. घरटी शक्यतो बेटांवर असतात, आणि गोठलेल्या पाण्यावरून कोल्हा थेट चालत येतो. उशीर झाला तर पिल्लांच्या वाढीच्या वेळी गवत जून झालेलं. तिबेटचं पठार झपाट्याने तापतंय, भीमेकाठचा दिवस मात्र पूर्वीइतकाच. तिकडच्या बर्फाची खबर उजनीला लागत नाही. हिशेब थोडाफार जुळतो तो वाटेतल्या थांब्यांवर: गवत फुटलं असेल तर मुक्काम आटोपता, नाहीतर लांबलेला.