गाठ खंय मारलंस?

नमस्कार श्रोतेहो. आज कॉम्प्युटर, कापड आणि ॲनिमेशन या तिघांबद्दल बोलायचंय, घाबरू नका, क्लास घेत नाहीये. कुडाळ तालुक्यात आमच्या ओळखीची एक आर्टिस्ट मुलगी आहे, नाव सांगायचं नाही अशी तिची अट, दिवसा ती लग्नपत्रिका, दुकानांचे बोर्ड असली डिझाइनची कामं करते आणि रात्री स्वतःचं काम. स्वतःचं म्हणजे ज्याचे पैसे कोणी देत नाही ते. आणि आपल्याकडे पहिला प्रश्न काय येतो? ह्याचे किती मिळतात? अहो, चतुर्थीला रात्रभर जागून गणपतीवर फळापानांची माटवी बांधता, त्याचे किती मिळतात? तिथे नाही कोणी विचारत. असो.

तर तिची फिल्म. दशावतारात बाईचं काम करणारा एक नट, जत्रेची रात्र, देवळाच्या मागे आपल्या पेटाऱ्यावर बसून तो तोंड रंगवतो, लुगडं नेसतो आणि उठून नाटकाला जातो. संपली गोष्ट. दीड मिनिट. त्यातली अर्धी फिल्म कॉम्प्युटरवरच्या थ्रीडी मॉडेलची आणि अर्धी खऱ्या कापडाच्या बाहुलीची, बाहुलीला आत ॲल्युमिनियमची तार, थोडं हलवायचं, फोटो काढायचा, परत थोडं हलवायचं. हे काही नवीन फॅड नाही हं, दादासाहेब फाळक्यांनी शंभरेक वर्षांपूर्वी आगकाड्या सरकवून असंच केलेलं. आणि बाहुल्यांचं म्हणाल तर आपल्या कुडाळजवळच्या पिंगुळीत चित्रं दाखवत गोष्ट सांगायची चित्रकथी, कळसूत्री, चामड्याच्या बाहुल्या सगळं आहे, ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणेंना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, आणि आपल्या शाळांच्या सहली अजून वॉटरपार्कला जातात! मला हे कळतच नाही, पण तो विषय वेगळा.

मॉडेल ती ब्लेंडर नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करते. ब्लेंडर फुकट आहे, २००२ साली लोकांनी वर्गणी काढून, एक लाख युरो जमवून ते सगळ्यांसाठी मोकळं करून घेतलं. बाकीची माहिती मिळेल तुम्हाला कुठेही, मला जे सांगायचंय ते वेगळंच आहे.

मी गेलो तेव्हा ती लॅपटॉपवर त्या नटाला लुगडं नेसवत होती आणि वैतागली होती. आजी बाजूला अडकित्त्याने सुपारी कातरत बसलेली. स्क्रीनवर तो नट चालायला लागला की लुगडं पुठ्ठ्यासारखं कडक उभं राहायचं, आणि तिसऱ्या पावलाला कापडाच्या आरपार त्याची मांडी बाहेर! आजीने चष्मा वर केला, बघितलं, म्हणाली, "शी! ह्या लुगडा नाय गो बाय, ही ताडपत्री." मुलगी म्हणाली, अगं आजी, सेटिंग चुकतंय कुठेतरी. आजी म्हणाली, "सेटिंग ऱ्हवांदे, गाठ खंय मारलंस?"

कुठे मारणार, गाठ नव्हतीच ना! तिने खालचा भाग पायजम्यासारखा बनवून वर निऱ्या कोरल्या होत्या. आता आजी जन्मभर लुगडं नेसलेली बाई, ती ऐकतेय होय, सुपारी ठेवली बाजूला, पेटीतून जुनं लुगडं काढलं, आणि नेसवणार कोणाला, नातीच्या हातात मोबाईल शूटिंगसाठी, घरात तिसरा माणूस मी. मला उभं केलं. पँटवरून. "हलू नको रे," असं दरडावून कमरेला गुंडाळून पुढे अशी गाठ मारली की जेवण वर आलं, मग पदर काढला, निऱ्या केल्या, खोचल्या, आणि पायांमधून मागे घेऊन कासोटा घट्ट. मग म्हणते, "आता चल." मी पडवीत चालतोय, मुलगी मागून पुढून खालून शूटिंग करतेय, आणि नेमका त्याच वेळी शेजारचा माणूस दूध घेऊन आला. बघितलं त्याने. काही बोलला नाही बिचारा, दूध ठेवलं आणि गेला, पण संध्याकाळी तिठ्यावर मला सगळे "काय वैनी" म्हणून हाका मारत होते, अजून मारतात.

पण बघा हं, तिला पाहिजे ते मिळालं. लुगडं दोनच जागी धरलेलं असतं, कमरेच्या गाठीला आणि मागे कासोट्याला. बाकी नऊ वार मोकळं. ब्लेंडरमध्येही तसंच करता येतं, कापडाचे ठराविक बिंदू पिन करून टाकायचे, ते जागचे सुटत नाहीत, उरलेलं कापड आपल्या वजनाने पडतं, मग निऱ्या कोराव्या लागत नाहीत, त्या पडतात. परत सांगतो, लिहून घ्या हवं तर: कापडाला कुठे धरलंय ते आधी ठरवा, बाकीचं सोडून द्या. आधी धरा, मग सोडा.

बाहुलीचीही तीच तऱ्हा. वीतभर बाहुलीला नवीन पॉपलिन नेसवलं की ते फुगून उभं राहतं, कारण बाहुली लहान केली तरी कापडाची जाडी लहान होत नाही. म्हणून आजीच्याच एका विरलेल्या लुगड्याचा तुकडा, धुऊन धुऊन मऊ झालेला. काठ मात्र बाहुलीला फार मोठा होतो, म्हणून बारीक काठ तिने दोऱ्याचा एकच पदर घेऊन भरला, आणि लुगड्याच्या पदराच्या कडेत बारीक तार घातली, नाहीतर दोन फोटोंच्या मध्ये पदर खाली येतो. (नायलॉनच्या साड्या या कामाला नकोत, आणि खरं तर कुठल्याच कामाला नकोत, गोधडी शिवली तरी रात्रभर अंगावरून घसरते.)

आता हिशोब. बाहुलीचे सेकंदाला बारा फोटो, पाऊण मिनिटाचे पाचशे चाळीस. खिडकी बंद, एकच दिवा, कारण ढग आला-गेला की फिल्म लुकलुकते. कॉम्प्युटरच्या पाऊण मिनिटाला चोवीसच्या हिशोबाने १०८० फ्रेम, म्हणजे चित्रं, एक फ्रेम तयार व्हायला तीन मिनिटं धरली तरी चोपन्न तास मशीन चालू. आणि आपल्याकडे पावसात चोपन्न तास लाईट कधी राहिलीये? म्हणून ती एकदम व्हिडिओ काढत नाही, प्रत्येक फ्रेमचं सुटं चित्र सेव्ह होतं, लाईट गेली तर शेवटचं चित्र बघायचं आणि तिथून पुढे चालू. सुटी चित्रं, लक्षात ठेवा, सुटी चित्रं.

सध्या ती चालण्यावर अडलीये. नट बाईच्या वेशात असला तरी चालतो बाईसारखा नाही, बाईचं काम करणाऱ्या पुरुषासारखा चालतो, आणि पेटाऱ्यावरून उठून पडद्यापर्यंत जाईतो ती चाल बदलते. नेमकी कुठल्या पावलाला बदलते, हे बघायला ती यंदा जत्रा फिरणार आहे, परवानगी घेऊन, मोबाईल घेऊन. माझं शूटिंग त्यासाठी वापरू नकोस एवढं मी सांगितलंय.

वेळ झाली. पुढच्या वेळी काजूच्या मोहोरावर बोलू.