रबरी छाती, खरे हात

(दृश्य: जमिनीवर ओळीने मांडलेले पुतळे. त्यांच्या बाजूला गुडघे टेकून बसलेली माणसं.)

टक्.

हा आमचा सीपीआरचा वर्ग: हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवायला इथे शिकवतात. छाती पुरेशी खोल दाबली गेली की सरावाच्या पुतळ्यातून असा आवाज येतो. पहिल्यांदा शिकायला आलेल्यांना तो सहसा ऐकू येत नाही. समोर रबर आहे हे माहीत असतं, तरी त्याला दुखेल ही धास्ती हातांतून जात नाही.

दाब हवा ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. कोपर ताठ. दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, कारण हृदयात रक्त भरतं ते तेव्हाच. दोनेक मिनिटांत धडधाकट माणूसही दमतो आणि त्याचे हात नकळत उथळ दाबू लागतात. म्हणून आळीपाळीने दाबायचं.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

१९५८ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कुत्र्यांवर विजेच्या झटक्याचे प्रयोग चालू होते. गाय निकरबॉकर या तरुण संशोधकाला दिसलं, की जड इलेक्ट्रोड छातीवर नुसते दाबले तरी रक्तदाब चढतो. १९६० मध्ये कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी ही रीत जगापुढे मांडली. लागतात फक्त दोन हात, असं त्यांनी लिहिलं. त्याच सुमारास नॉर्वेतले खेळणी बनवणारे आस्मुंड लेर्डाल यांनी त्या हातांसाठी सरावाचा पुतळा घडवला.

(दृश्य: पुन्हा वर्ग.)

हृदय बंद पडलेला माणूस मधूनच आचका देतो, घशातून घरघर येते. बघणाऱ्याला वाटतं, श्वास चालू आहे. तो श्वास नव्हे. हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद नाही, श्वास नेहमीसारखा नाही, तर रुग्णवाहिका बोलवा, एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, मागवा आणि दाबायला लागा. बरगडी मोडेलही. ती जुळून येते. मेंदूला मात्र रक्ताविना काही मिनिटंच मिळतात.

हृदयासाठी काम करणाऱ्या संस्थेला देणगी देताना संशोधन डोळ्यांसमोर येतं. त्यासाठी पैसा हवाच. पण हा वर्गही देणगीवरच चालतो, आणि त्याचे खर्च अगदी साधे आहेत: पुतळ्याच्या आतल्या, फुप्फुसांच्या जागी असलेल्या, बदलायच्या पिशव्या, एईडीची बॅटरी, जेल वाळल्यामुळे मुदतीनंतर टाकून द्यावे लागणारे, छातीला चिकटवायचे पॅड. भिंतीवर टांगलेल्या यंत्रात वाळलेले पॅड निघाले, तर ते यंत्र काय कामाचं?

आणखी एक खर्च आहे, तो आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. सरावाच्या बहुतेक पुतळ्यांची छाती सपाट, पुरुषी असते. सार्वजनिक जागी कोसळलेल्या बाईला मात्र पुरुषापेक्षा कमी वेळा सीपीआर मिळतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. लोक हात लावायला कचरतात. हा संकोच भाषणाने जात नाही, सरावाने जातो.

(दृश्य: प्रशिक्षिका पुतळ्याला स्तनांचा आकार असलेलं जाकीट चढवते.)

रांगेतला पुढचा मुलगा गुडघ्यांवर बसतो. क्षणभर थांबतो. प्रशिक्षिकेकडे बघतो. मग छातीच्या मधोमध हात ठेवतो आणि मोजायला लागतो.